सव्वा मूठ

भावेशला शाळेत विषय मिळालाय :
'धर्माशिवाय की विज्ञानाशिवाय,
माणूस कशावाचून जगेल?'
मंगळवारी बोलायचंय, चार मिनिटं,
आणि बाजू आधीच कळवायचीय सरांना.
सुपापाशी येऊन बसतो.
"आई, तू लॅबमध्ये आहेस ना, सांग."

मी गहू निवडतेय.
उद्या कानबाई बसणार.
रोटाला माणसागणिक सव्वा मूठ.

लॅब म्हणजे चोपड्याबाहेरची पांढरी इमारत.
तिथं केळीला आई असते, बी नसतं.
एका कंदाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे,
एकेक बाटलीत, जेलीत उभा,
सोळा तासांचा दिवस, आठ तासांची रात्र,
दोन्ही बटणावर.
आत जाताना चपला बाहेर,
बांगड्या बाहेर, वेणीतलं फूल बाहेर,
हात कोपरापर्यंत धुवायचे
आणि मग कशाला शिवायचं नाही.
पहिल्या दिवशी मी म्हणाले बोरसे मॅडमना,
हे तर आमच्या सासूबाईंचं सोवळं.
त्या हसल्या नाहीत.
चिमटा ज्योतीत कसा धरायचा ते दाखवलं.

तीन वर्षांपूर्वीचं भावेशला ठाऊक नाही.
त्याला ताप होता. रिपोर्ट यायचा होता.
सासूबाईंनी माझ्या मनगटाला लाल दोरा बांधला,
पोराचा ताप उतरेस्तोवर सोडायचा नाही.
मी सोडला नाही.
ग्लोव्हजच्या आत सरकवला.
पाचव्या दिवशी बाटल्यांत लव आली,
आधी पांढरी, सरकीच्या कापसासारखी,
मग हिरवट.
चारशे अकरा बाटल्या.
बोरसे मॅडमनी एसीची जाळी बदलायला लावली,
नोंदवहीत 'कारण' या रकान्यात लिहिलं : अज्ञात.
मी त्यांच्या मागेच उभी होते
हात पाठीशी धरून.
घरी ताप उतरला होता तोवर.
दोऱ्यानं की सलाइननं,
मी कुणाला विचारलं नाही.
बाटल्या मात्र मीच धुतल्या, सगळ्या.

"हिलाल आप्पांना फोन लावू?"
लाव.
हिलाल आप्पा म्हणजे माझे दीर, धुळ्याला फिजिक्स शिकवतात,
देव्हाऱ्याकडे पाठ करून चहा पितात.
रोटाला मात्र पहिल्या एसटीनं हजर.
मागच्या साली बस चुकली
तर अमळनेरहून दुधाच्या टेम्पोत बसून आले.
पाया पडत नाहीत.
दोन रोट खातात, तिसरा मागतात.
फोनवर वीस मिनिटं पोराला बाजू समजावली,
मला इथवर ऐकू येत होतं :
लस, दुर्बीण, ग्रहण, नाडीचा ठोका.
मग म्हणाले, वहिनीला दे.
"वहिनी, माझी मूठ धरली ना?"

धरली आप्पा.

एकदा मी माझी मूठ काट्यावर ठेवली होती.
बासष्ट ग्रॅम. दुसऱ्यांदा अठ्ठावन्न.
सासूबाई नारळाला नथ घालत होत्या,
न बघता म्हणाल्या,
"कानबाईले मोजेल चालत नही व माय, भरेल चालस."
त्याच सासूबाई इन्सुलिनचा काटा
चष्मा पुसून दोनदा बघतात.
एक ठिपका इकडे नाही, तिकडे नाही.

"मग मी काय लिहू?"
भावेश पेन चावतोय.
मी म्हटलं, आधी इकडे ये. तुझी मूठ तू भर.
मागच्या साली त्याची मूठ माझ्या मुठीत मावत होती.
आता बोटं लांब झालीत, बोटांवर शाई आहे,
गहू बोटांच्या फटीतून गळतोय
आणि तो गळालेले दाणे मोजतोय,
त्याच्या बापाला नाही ही सवय, मला आहे.

मी त्याला दोऱ्याचं सांगणार होते.
तोंडाशी आलंही होतं,
लाल, सुती, तीन पदरी.
तेवढ्यात लाइट गेली.

बाहेर मांडवाला बांधलेल्या केळीच्या खांबांची
पानं वाऱ्यानं फाटायला लागली,
सासूबाईंनी आतून काडेपेटी मागितली.
मला काही दिसत नव्हतं.
भावेश अंधारात तसाच बसला होता,
मूठ गच्च धरून,
उजेड येईपर्यंत सांडू नये म्हणून.